जुन्या गोव्याची ऑडिओ टूर: ऐका सगळं, पण डोंगर चालत चढू नका

हे लिहायला बसलेय ते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी. जुन्या गोव्याच्या या ऑडिओ टूरमध्ये शेवटचा थांबा म्हणून डोंगरावरची अवर लेडी ऑफ द माउंटची चॅपल दिलीय आणि फोनवरच्या अॅपमधली बाई गोड आवाजात सांगते की आता आपण थोडंसं चालूया. अजिबात चालू नका. अॅपमधलं अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजलेलं आहे, खरा रस्ता वळणं घेत वर जातो, सावली तुटक, वाटेत पाण्याची बाटली मिळेल असं दुकान आम्हाला तरी दिसलं नाही, आणि शेवटी जांभ्याच्या जुन्या पायऱ्या, ज्यांच्यावर पावसाळ्यातलं गवत तसंच होतं. दसऱ्यानंतरचं ऊन, दुपारचे साडेबारा. मी डिचोलीची, उन्हाची सवय आहे, पण कोल्हापूरहून आलेली माझी नणंद अर्ध्यात दगडावर बसली आणि म्हणाली, वहिनी तुमच्या त्या बाईला सांगा स्वतः चालून दाखव म्हणावं.

त्याआधी खाली गांधी सर्कलपाशी एका पायलटला विचारलं होतं. (बाहेरच्यांसाठी, पायलट म्हणजे इथली मोटरसायकल टॅक्सी, पुढचं मडगार्ड पिवळं असतं.) एकीचे तीनशे म्हणाला, परत यायचे वेगळे, वर थांबायचे अजून वेगळे. मी म्हटलं चड जाले रे (फार झाले रे), तर तो शांतपणे म्हणाला मग जा चालत. खाली उतरल्यावर सहज दुसऱ्याला विचारलं तर तो जाऊन येऊन, थांबण्यासकट दीडशेत तयार होता. तेव्हा एकाला विचारून निर्णय घेऊ नका, जायचं यायचं थांबायचं सगळं मिळून किती ते बसायच्या आधी ठरवा. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही, वरपर्यंत जाते.

आणि एवढं करून वर ऑडिओ किती, तर दीडेक मिनिट. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क, 1510, आदिलशाहीकडून गोवा घेतला, धन्यवाद, आम्हाला पाच स्टार द्या. अरे समोर अख्खी मांडवी दिसतेय, पलीकडे दिवाडी बेट दिसतंय, त्या बेटावर सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, मग नदीपलीकडे आमच्या डिचोली तालुक्यात नार्व्याला देवाची स्थापना झाली आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. 1683 मध्ये संभाजी महाराजांनी इथून जवळचंच जुवे बेट घेतलं तेव्हा व्हाइसरॉयची एवढी गाळण उडाली की त्याने सेंट झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवून आता तूच वाचव म्हणून साकडं घातलं. यातलं एक अक्षर नाही. नणंदेला मीच धापा टाकत सांगितलं. जागा मात्र सुंदर आहे हे कबूल, वारा असा की घाम वाळला, नणंद तर खाली उतरायलाच तयार नव्हती. गाडीने जा, संध्याकाळी चारनंतर जा, ऑडिओ नाही लावला तरी चालेल.

आता खालचं. सगळ्यात आधी ऑटोप्ले बंद करा. प्रत्येक वास्तूभोवती अॅपने एक गोल आखलेला असतो, फोन त्या गोलात शिरला की आवाज आपोआप सुरू होतो, पण इथे से कॅथेड्रल, असिसीचं चर्च आणि रस्त्यापलीकडे बॉम जेझूस (सेंट झेवियरची शवपेटी आहे ते चर्च) एवढे जवळजवळ आहेत की गोल एकमेकांवर चढतात, शिवाय जांभ्याच्या जाड भिंतींच्या आत जीपीएस गडबडतं. आम्ही बॉम जेझूसच्या वेदीसमोर उभ्या आणि कानात चालू की वर बघा, 1776 मध्ये यातला एक मनोरा कोसळला. तो से कॅथेड्रलचा! नणंद बिचारी छताकडे बघत राहिली. हाताने एकेक ट्रॅक लावा, मग ठीक चालतं. डाउनलोड घरच्या वायफायवर करा, तिथे रेंज येते जाते आणि ऑफलाइन म्हणून जे लिहिलंय त्यात नकाशा धरलेलाच नाही. पॉवर बँक हवीच, उन्हात स्क्रीन चालू ठेवून फोन इतका तापला की एकदा आपोआप बंद पडला.

भाषा इंग्रजी आणि हिंदी. मराठी नाही, कोकणी नाही. गोव्यातल्या टूरला. यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

बॉम जेझूस सगळे बघतातच (1605 चं, बाहेरून लाल दिसतं कारण गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला), ऑडिओ तिथला बरा आहे पण गर्दीत ऐकूच येत नाही. आधी घरी ऐकून जा आणि तिथे नुसतं बघा. खांदे झाकलेले कपडे घाला, रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असते तेव्हा पर्यटकांनी कडमडू नये. असिसीच्या चर्चशेजारचं संग्रहालय बघायचं असेल तर शुक्रवार टाळा, तेव्हा बंद असतं.

पैसे वसूल झाले ते एकाच ठिकाणी, सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी. बहुतेक लोक इथे येतात, मनोऱ्यासमोर सेल्फी काढतात आणि जातात, कारण नुसतं बघून कळत काहीच नाही, पडक्या भिंती आणि जमिनीत थडग्यांचे दगड. इथे मात्र ऑडिओ खरंच हाताला धरून फिरवतो. उभं राहायचं कुठे, छत कुठे होतं, 1842 मध्ये ते कसं कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भिंत कशी पडली, आणि 46 मीटरच्या मनोऱ्यातलं आज जे उभं आहे ते नेमकं काय. इथली घंटा पणजीच्या त्या पायऱ्यांवाल्या चर्चमध्ये आहे, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. पण खरी गोष्ट जॉर्जियाच्या केतेवान राणीची. 1624 मध्ये इराणात तिला हालहाल करून मारलं, ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष इथे आणून पुरले, पुढे चर्चच पडलं आणि ते ढिगाऱ्याखाली गेले. मग उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं. मी कानात हे ऐकत भिंतीतल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि अंगावर काटा आला. नणंदेने तो ट्रॅक पुन्हा लावला. इथे तासभर द्या, सकाळी नऊच्या आत या.

हातकातरो खांबाचा (जिथे शिक्षा म्हणून हात कापत असं सांगतात, तो जुना दगडी खांब) मात्र उल्लेखसुद्धा नाही. 1560 ते 1812 इन्क्विझिशन (पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) चाललं त्या शहराच्या टूरमध्ये त्यावर मोजून दोन वाक्यं, तीही घाईघाईत. खांब स्वतः शोधा, डोंगराकडे निघण्याआधी गांधी सर्कलच्या बाजूला विचारलं तर कोणीही सांगेल.

यायला पणजीच्या कदंब स्टँडवरून बस सारख्या असतात, रायबंदरवरून नदीकाठाने जाणारी पकडा. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं. वेळ उरला तर व्हाइसरॉय आर्चखालून जाऊन दिवाडीची फेरीबोट घ्या, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दुसऱ्या दिवशी पणजीत फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीची टूर केली, ती ठीकच, सावली आहे, चढ नाही, कॅफे आहेत, फक्त लोकांच्या दारात बसून फोटो काढू नका, राहती घरं आहेत ती.

दोघींसाठी दोन टूर विकत घेऊ नका, एकच घेऊन एकेक इअरफोन पुरतो. डोंगरावरच्या त्या ‘थोडंसं चालूया’बद्दल अर्धे पैसे परत द्या असा मेल मी टाकलाय, उत्तर आलं की कमेंटमध्ये सांगते.