हेडचं काम झालं, आता रोटर लावण्याआधी

आमच्या जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून त्याखालचं गॅस्केट (सांधा घट्ट बसवणारं पॅकिंग) बदलून झालं. मिस्त्री म्हणाले, "दादा, आता बिनधास्त रोटर लावा." (रोटर म्हणजे माती भुसभुशीत करायचं अवजार.) त्यांचा हात पक्का आहे, तरी काम होऊन आलेला ट्रॅक्टर स्वतः तपासल्याशिवाय मी शेतात घालत नाही.

आधी इंजिन ऑइल. ट्रॅक्टर सपाटीला उभा करून ऑइल मोजायची पट्टी काढायची, फडक्यानं पुसून पुन्हा घालून बघायची. ऑइल कमी असलं की सगळेच धावपळ करतात. मला जास्त धास्ती वाटते ते वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर. ऑइल आपसूक वाढत नसतं. डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला की डिझेल इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. हेड उचलताना ब्लॉकमधलं पाणीही सिलिंडरमधून खाली झिरपू शकतं. म्हणून थेंबभर ऑइल दोन बोटांत चोळावं. डिझेल असेल तर ते पातळ लागतं, वासही येतो. पाणी असेल तर रंग दुधाच्या चहासारखा होतो. असं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. हेडच्या कामानंतर ऑइल आणि फिल्टर नवाच टाकावा, तिथे काटकसर नकोच.

रेडिएटर गळ्यापर्यंत भरला तरी आत हवा अडकलेली असते. इंजिन तापून थोडा वेळ चाललं की पाणी खाली बसतं. मग पूर्ण गार होऊ द्यायचं आणि पुन्हा भरायचं. गरम असताना झाकणाला हात लावू नका, चेहरा भाजतो. पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर गॅस्केट नीट बसलेलं नाही. मिस्त्रींना परत बोलवा.

गिअर आणि लिफ्टचं ऑइल मॅसीत एकच असतं, तीही पट्टी बघून घ्या. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं असेल तर पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. इंजिनाची हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल खुणेइतकंच हवं: कमी पडलं तर रोटरची धूळ थेट इंजिनात, जास्त झालं तर इंजिन तेच ऑइल ओढतं.

शेवटी डिझेल बंदचा दांडा ओढून थोडा थोडा स्टार्टर मारतो. ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच इंजिन चालू करायचं. पहिल्या दिवशी रिकामी ट्रॉली जोडून बांधापर्यंत चक्कर मारायची आणि परत आल्यावर खाली वाकून गळती बघायची. रोटर दुसऱ्या दिवशी.