प्रश्न त्यांना होता

लाल कार्ड वर झालं तेव्हा मी बोलत होते.

मागच्या वर्षीची गोष्ट आहे, सेलमची. सेलम म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या ऑरेगन राज्याची राजधानी, तमिळनाडूतलं नव्हे. इथे मी एका ग्रुप होममध्ये, म्हणजे अपंग माणसं मदतनिसांच्या सोबतीने एकत्र राहतात अशा घरात, पार्ट टाइम सपोर्ट स्टाफ म्हणून काम करते आणि आमच्या घरातल्या एका काकांना (वय साठीच्या पुढे, मी मनातल्या मनात काकाच म्हणते) महिन्यातून एकदा एका हॉलवर मीटिंगला घेऊन जाते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांची मीटिंग, त्यांनीच बोलावलेली, अध्यक्ष त्यांच्यातलीच, खजिनदार त्यांच्यातलाच, अजेंडा मोठ्या अक्षरात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे चित्र. आम्ही सोबत आलेली माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. तर अध्यक्षबाईंनी काकांना विचारलं, या महिन्यात तुमचं काय विशेष? काका गप्प. दहा सेकंद झाले, पंधरा झाले, मला ती शांतता सहन होईना, मग मी सांगून टाकलं की त्यांचा वाढदिवस झाला, आम्ही केक आणला होता, मजा आली वगैरे. समोरच्या एका बाईंनी लाल कार्ड वर केलं. लाल म्हणजे थांबा, पिवळं म्हणजे समजलं नाही, हिरवं म्हणजे पुढे चला, प्रत्येकाच्या पुढ्यात तिन्ही रंगांची कार्डं असतात. अध्यक्षबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्रश्न त्यांना होता." रागावून नाही, अगदी साध्या आवाजात.

मग सगळे थांबले. कुणी खोकलं नाही, कुणी मोबाईल काढला नाही. चांगला एक मिनिट गेला असेल. काकांनी शर्टाच्या आत हात घालून गळ्यातली दोरी बाहेर काढली, तिला एक पितळी किल्ली होती, आणि म्हणाले, "माझ्या खोलीची."

टाळ्या अशा पडल्या की मला रडूच आलं. कारण त्या किल्लीमागचं मला माहीत होतं, आणि तरी मी केकचं सांगत बसले होते.

काका लहानपणापासून फेअरव्ह्यूत वाढले. फेअरव्ह्यू म्हणजे इथे सेलममध्येच बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना ठेवण्यासाठी १९०८ साली सुरू झालेली सरकारी संस्था, एके काळी तिथे जवळजवळ ३००० माणसं ठेवलेली होती, २००० साली बंद झाली. आता त्या जागेच्या एका भागावर छान घरं झालीयत, लोक कुत्री फिरवतात. काका सांगतात की तिथे ओळीने खाटा होत्या आणि किल्ल्या फक्त स्टाफच्या कमरेला. नंतर ते ज्या घरात राहिले तिथेही खोलीला कुलूप नव्हतं, कुणीही न वाजवता आत यायचं. दर वर्षी एक प्लॅनची मीटिंग होते, केस मॅनेजर, स्टाफ, नातेवाईक सगळे टेबलाभोवती बसतात आणि या माणसाचं पुढचं वर्ष कसं जाणार ते कागदावर येतं. त्या मीटिंगमध्ये काकांनी लागोपाठ तीन वर्षं किल्ली मागितली. उत्तर ठरलेलं, तुम्ही ती हरवाल. आणि खरं सांगते, कायदा तेव्हाही त्यांच्याच बाजूने होता. मेडिकेडच्या (म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) पैशातून चालणाऱ्या अशा घरांसाठी २०१४ साली इथल्या केंद्र सरकारचा नियम आला की राहणाऱ्याला आपल्या खोलीला कुलूप लावता आलं पाहिजे, रूममेट त्याला निवडता आला पाहिजे, हवं तेव्हा खाता आलं पाहिजे, पाहुणे कधीही येऊ शकले पाहिजेत, आणि यातलं काही नाकारायचं असेल तर त्या एका माणसापुरतं कारण प्लॅनमध्ये लिहून द्यावं लागतं. पण नियम आहे हे काकांना कोण सांगणार? ते त्यांना या हॉलमधल्या मीटिंगमध्ये कळलं, दुसऱ्या एका सदस्याकडून, चित्रांच्या कागदावरून. चौथ्या वर्षी तो कागद घेऊन ते प्लॅनच्या मीटिंगला बसले. किल्ली मिळाली. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा हरवली, दोनदा नवीन केली, संपलं. किल्ली कुणाची हरवत नाही?

इथे याला सेल्फ अ‍ॅडव्होकसी म्हणतात. मराठीत मला अजून चपखल शब्द सापडलेला नाही, आपली बाजू आपण मांडणं एवढंच म्हणता येईल. आणि मी राहते त्या गावाचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे हे मला इथे येऊन चार वर्षं माहीत नव्हतं. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांनी एकत्र बसून आपल्या मागण्या मांडायला सुरुवात केली, ते लोण कॅनडात आलं, तिथल्या याच विषयावरच्या १९७३ च्या परिषदेला ऑरेगनची काही मंडळी गेली होती. त्यांना दिसलं की तिथे बोलतायत सगळे प्रोफेशनल लोकच. परत आल्यावर ठरवलं, आपली परिषद आपणच घ्यायची. ८ जानेवारी १९७४ ला सेलममध्ये बैठक झाली, फेअरव्ह्यूतून बाहेर पडलेली माणसं होती त्यात, नाव काय ठेवायचं यावर चर्चा चालली असताना कुणीतरी म्हटलं की आम्ही आधी माणसं आहोत. पीपल फर्स्ट हे नाव तिथून आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समुद्राकाठी ऑटर क्रेस्टला पहिलं अधिवेशन भरलं, ५६० माणसं आली. ज्यांना कधी एकट्याने बसमध्ये बसू दिलं नव्हतं अशांनी नोंदणीपासून जेवणापर्यंत सगळं बघितलं. आज पीपल फर्स्ट नावाचे गट कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड कुठे कुठे आहेत.

कुठल्या चमच्याने खायचं इथपासून लग्नापर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं, याचा शेवट कुठे होतो तेही इथेच दिसतं. ऑरेगनमध्ये १९८१ पर्यंत लोकांची जबरदस्तीने नसबंदी होत होती, साधारण २६०० जणांची झाली, त्यात फेअरव्ह्यूतले कितीतरी. डिसेंबर २००२ मध्ये गव्हर्नर किट्झहॅबर यांनी जाहीर माफी मागितली. हे वाचताना मला शिरूर आठवलं. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली होती, पाळीच्या वेळी स्वच्छता राखणं कठीण जातं म्हणून. बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तेव्हाही फार थोड्यांनी विचारला आणि आपल्याकडे माफीबिफी कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या घरातही एक आहे. माझा मावसभाऊ, सांगली जिल्ह्यात असतो, वय त्रेचाळीस, अजून सगळे त्याला बाळ म्हणतात. मावशीने त्याच्यासाठी जे केलंय ते मी शब्दांत सांगू शकत नाही, त्याला आंघोळ घालण्यापासून फिट आली तर रात्र रात्र जागण्यापर्यंत, त्यामुळे मी जे लिहितेय ते तिच्याविरुद्ध मुळीच नाही. पण पालकत्वाचे कागद करायला ती त्याला घेऊन एका ऑफिसात गेली तेव्हा साहेबांनी त्याला काय आवडतं, कुठे राहायचंय, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, तो समोर बसलेला असताना सगळं मावशीलाच विचारलं. खरं तर आपल्या भारतातल्या २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात स्पष्ट आहे की अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, आणि पालक नेमायचा तर त्याने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचे, तिच्या इच्छेनुसार. कागदावर आपण मागे नाही. थांबायला मात्र कुणी तयार नसतं, आणि त्यात मीही आले, लाल कार्ड मलाच दाखवलं गेलंय ना.

त्या मीटिंगनंतरच्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला. नेहमी काय होतं, बाळ समोर येतो, मी विचारते जेवलास का, मावशी मागून सांगते हो जेवला, भाकरी खाल्ली. या वेळी मी मावशीला आधीच मेसेज केला होता, पाच मिनिटं तू काही बोलू नकोस, माझ्यासाठी एवढं कर. तिला जरा लागलं असणार पण तिने ऐकलं. मी विचारलं, बाळ, तुला घरातलं काय बदलावंसं वाटतं? आणि गप्प बसले. तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला, मग छताकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मागून कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, मावशी गॅस बारीक करायलासुद्धा उठली नाही.

मग तो हनुवटीवरून हात फिरवून म्हणाला, "दाढी. मी."

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाची दाढी दर रविवारी त्याचे बाबा करतात, आम्ही सगळ्यांनी हजारदा बघितलंय. मावशी काही बोलली नाही, पाच मिनिटं झाली नव्हती ना अजून. परवा तिच्याकडून फोटो आला, आरशासमोर बाळ, अर्ध्या गालाला फेस, हातात बॅटरीवरचा ट्रिमर, ब्लेडची तिला भीती वाटते म्हणून त्याच्या बाबांनी मिरजेहून आणलेला. खाली लिहिलंय, एका बाजूची राहिलीय पण मी हात लावलेला नाही.