पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटपाच्या दाव्याची नक्कल कशी मिळवली – माझा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात गावाकडं विहिरीवरून वाद झाला. विहीर आमच्या आणि चुलत काकांच्या वावराच्या मधोमध, पण सातबाऱ्याने ती त्यांच्या गटात पडते, आणि त्यांच्या मुलाने एक दिवस आमच्या मोटरची केबल काढून बांधावर ठेवली, वर म्हणाला विहिरीत तुमचा हिस्सा कुठं लिहिलाय ते दाखवा. आमचे अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ते एकच सांगत राहिले, "कोर्टात वाटप झालंय, विहीर निम्मी निम्मी आहे, माझ्यासमोर वाचून दाखवलंय." पण कागद घरात नाही. ट्रंक बघितली, माळा बघितला, देव्हाऱ्यामागची पिशवी बघितली. काहीच नाही. मग म्हटलं आता कोर्टातूनच आणायचा.

मी वकील नाही, पिंपरीला अकाउंट्सची नोकरी करते. चार खेपा आणि साधारण अडीच महिने गेले पण कागद मिळाला. अशी वेळ बऱ्याच घरांवर येते म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात ई-कोर्ट्सच्या साइटवरून केली. जिल्हा निवडायचा, कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं, मग पक्षकाराच्या नावाने शोधायचं. नावाची कमीत कमी तीन अक्षरं आणि दाव्याचं वर्ष लागतं, पेंडिंग की डिस्पोज्ड तेही निवडावं लागतं, आणि आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा कारण लिहिणाऱ्याने कसं लिहिलंय ते सांगता येत नाही. काकांनी २०१६ ला शेजाऱ्यावर लावलेला मनाईचा दावा एका मिनिटात सापडला, सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसची स्वतंत्र ओळख), कोणत्या तारखेला काय झालं ते, शेवटची ऑर्डर, सगळं. आमचा १९७१ चा दावा मात्र नाही म्हणजे नाहीच. तेव्हाच्या केसेस कम्प्युटर यायच्या कितीतरी आधी निकाली निघून रेकॉर्ड रूमला गेलेल्या, त्या साइटवर नाही दिसल्या म्हणून रेकॉर्डच नाही असं अजिबात समजू नका. आणि दिसली तरी साइटवरून उतरवलेली ऑर्डर वाचण्यापुरती असते, पुढं कुठं दाखल करायची तर सही-शिक्क्याची नक्कलच लागते.

मग तालुक्याच्या कोर्टात गेले. नक्कल विभागातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, नंबर आणि साल आणा, नावावरून आम्ही एवढ्या जुन्या गठ्ठ्यात कुठं शोधणार?" खरंच आहे ते. कोर्टाचं सगळं दप्तर नंबरावर चालतं. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, पुढं आकडा, पुढं साल. हे तीन हातात असले की अर्धं काम झालं. बाहेर पडताना एकजण मागोमाग आला, पाच हजारात कागद काढून देतो म्हणाला. देऊ नका कुणी. नंबर त्याच्याकडेही नसतो, तो तुम्हालाच विचारणार.

नंबर मला सापडला तो महसूलच्या दप्तरात, आणि माझ्या मते या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात उपयोगाची आहे. कोर्टाने जमिनीचं वाटप केलं की त्याचा फेरफार होतो, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची महसूलकडं नोंद, आणि फेरफाराच्या मजकुरात कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, निकालाची तारीख लिहिलेली असते. म्हणजे आधी तो फेरफार शोधायचा. आमच्या गावात एकत्रीकरण झालंय, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडलेत, त्यामुळे आता गट नंबर आहेत आणि १९७१ ला सर्व्हे नंबर होते, दोन्हींचा एकमेकांशी ताळमेळ नाही. म्हणून पहिल्यांदा भूमी अभिलेख ऑफिसमधून एकत्रीकरणाचा उतारा काढला, त्यात कळलं की आमचा आत्ताचा गट कोणत्या सर्व्हे नंबर-हिश्शातून आलाय. मग त्या सर्व्हे नंबरचा जुना हाताने लिहिलेला सातबारा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढला. या जुन्या सातबाऱ्यावर नावाच्या शेजारी गोल करून त्यात आकडा लिहिलेला असतो बघा, तो फेरफार नंबर. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे-फेरफार आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर आलेत, आधी तिथं बघा, खेप वाचू शकते. आमच्या गावाचे सातबारे होते पण नेमकं ते फेरफाराचं पान इतकं फिकट की वाचता येईना, म्हणून मला जावंच लागलं.

फेरफार मिळाला. निळ्या शाईत, तलाठ्याचं तिरकं अक्षर, "मे. दिवाणी कोर्टाकडील रे.मु.नं. ११८/७१ चे हुकूमनाम्याप्रमाणे" असं. हुकूमनामा म्हणजे निकालावरून काढलेली कोर्टाची डिक्री. मी तिथंच बाकावर बसून दोनदा वाचलं. अण्णांना फोन केला तर ते पलीकडून फक्त "सापडला?" एवढंच म्हणाले.

पण अजून दोन अडचणी होत्या. एक म्हणजे फेरफारात ज्या कोर्टाचं नाव होतं ते आमच्या तालुक्याचं नव्हतंच, शेजारच्या तालुक्याचं होतं. आमच्या तालुक्याला तेव्हा स्वतंत्र कोर्टच नव्हतं, नंतर झालं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी चुकीच्या दारात पहिली खेप घालवली. तुमच्या आजोबांच्या काळात तुमचं गाव कोणत्या कोर्टाखाली होतं हे आधी एखाद्या जुन्या वकिलांना विचारा, ते पटकन सांगतात. त्या दुसऱ्या कोर्टात गेल्यावर कळलं की इतक्या जुन्या निकाली फाइली जिल्ह्याच्या ठिकाणच्या रेकॉर्ड रूमला पाठवल्यात.

जिल्ह्याला शोधाचा अर्ज दिला. तिथल्या क्लार्कनी १९७१ ची दाव्यांची नोंदवही काढली, लाल फडक्यात बांधलेली, कडा कुरतडलेल्या, आणि ११८ नंबरवर भलतंच नाव निघालं, कुठल्यातरी सोसायटीचा वसुलीचा दावा. माझं तर पोटात गोळाच आला. ते क्लार्क निवृत्तीला आलेले असावेत, त्यांनी माझ्या हातातली फेरफाराची नक्कल घेतली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि म्हणाले, "हा मधला एक नाहीये, नऊ आहे. जुन्या लोकांचा नऊ असाच असायचा, शेपटी आत वळवलेली." १९८ वर बोट ठेवलं तर माझ्या चुलत आजोबांचं नाव वादी म्हणून, आजोबा प्रतिवादी नंबर एक आणि पणजी प्रतिवादी नंबर दोन. निकालाच्या रकान्यात १९७४ ची तारीख आणि "तडजोडीने निकाल". त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. हाताने लिहिलेले आकडे एक-नऊ, पाच-सहा असे सगळे उलटसुलट करून बघत जा.

नंबर पक्का झाल्यावर नकलेचा अर्ज. कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज असतो, त्यात दाव्याचा नंबर, दोन्हीकडच्या पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद पाहिजे ते लिहायचं. "संपूर्ण फाइल" असं लिहू नका. निकालपत्र, हुकूमनामा, अमुक निशाणीचा (केसमधल्या कागदाला दिलेला नंबर) कागद असं सुटं सुटं लिहा. कारण जुन्या फाइलीतले सगळे कागद कायम ठेवत नाहीत, साक्षीपुरावे, समन्स वगैरे ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. आमच्या फाइलीतलीही कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, गेलेली होती, पण निकालपत्र आणि हुकूमनामा शाबूत. कागद नष्ट झाला असेल तर तसं लेखी उत्तर मागून घ्या, पुढं कधी "तुम्ही शोधलाच नाही" असं कुणी म्हणायला नको.

मी स्वतः त्या दाव्यात पक्षकार नाही, त्यामुळे मला नक्कल कशासाठी पाहिजे याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सोबत आजोबांचा मृत्यू दाखला, अण्णांची वारस नोंद झालेला फेरफार आणि आधारची झेरॉक्स. अण्णांच्या सहीने अर्ज केला असता तर जास्त सोपं गेलं असतं असं नंतर वाटलं, ते सरळ प्रतिवादीचे वारस आहेत. इथं माहितीच्या अधिकाराबद्दलही सांगते कारण मला तीन जणांनी तोच सल्ला दिला होता. महसूल खात्याच्या कागदांना तो चालतो. पण कोर्टातल्या केसच्या कागदांना कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच नक्कल घ्यायची, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात हेच सांगितलंय आणि तिऱ्हाईताने कारण देऊन अर्ज करायचा ही अट योग्य धरलीय. तीस दिवस उत्तराची वाट बघण्यापेक्षा सरळ नकलेचा अर्ज टाकलेला बरा.

अर्ज बारनिशीला (आलेल्या अर्जांची नोंद करतात तिथं) दिला की त्याचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, पुढची सगळी चौकशी त्याच नंबरावर. तातडीची नक्कल जास्त फी भरून मागता येते पण फाइल हाताशी असेल तरच तिचा उपयोग, आमची गठ्ठ्यातून काढायचीच तीन आठवडे लागले. फी पानांवर असते, माझी सगळी मिळून एसटीच्या भाड्यापेक्षा कमी झाली. नक्कल हातात घेताना शेवटचं पान तिथंच बघा, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी, दिली कधी, या तारखा आणि शिक्का-सही त्यावर पाहिजे. अपिलाची मुदत चालू असलेल्यांना तर या तारखा फारच महत्त्वाच्या, नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो.

नक्कल एकूण अकरा पानांची निघाली. तडजोडीचा हुकूमनामा असल्यामुळे मूळ तडजोड पुरसिस, म्हणजे दोन्हीकडच्यांनी सह्या करून कोर्टात दिलेला तडजोडीचा कागदही त्याला जोडलेला, आणि कलम चारमध्ये स्पष्ट, "विहीर सामाईक राहील, उभयतांचा निमे निमे हिस्सा, पाण्याची पाळी चार-चार दिवसांची". अण्णांना पन्नास वर्षं जे तोंडपाठ होतं तेच शब्दन् शब्द.

ते मी त्यांना वाचून दाखवत होते आणि त्यांचं लक्षच नव्हतं. ते शेवटच्या पानावर थांबले होते. आजोबांची सही, चुलत आजोबांची सही, आणि खाली "निशाणी अंगठा डावे हाताचा" असं लिहून पणजीचं नाव. अंगठ्याच्या रेषा झेरॉक्समध्ये काळ्या झालेल्या, मधे एक तिरपी पांढरी चीर. अण्णा म्हणाले, "विळ्याने कापलं होतं तिला, ज्वारी काढताना." आमच्याकडं पणजीचा एकही फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पान घेऊन स्वतः काकांचं घर गाठलं, मला बरोबर येऊ दिलं नाही. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, पण संध्याकाळी केबल परत विहिरीवर होती. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विहिरीच्या हिश्श्याची नोंद घ्यावी म्हणून हुकूमनाम्याची नक्कल जोडून तलाठ्यांकडे अर्ज दिलाय, नोटीस निघालीय, हरकतीची मुदत पुढच्या सोमवारी संपते.