५४ की ५६? पहिल्या रोडबाईकची फ्रेम ठरवताना

माझी उंची १७३ सेंटिमीटर. बहुतेक तक्त्यांत ती नेमकी दोन साइजच्या हद्दीवर पडत होती, आणि विचारावं तिथे एकच उत्तर: "५४ घ्या नाहीतर ५६, दोन्ही चालतील." मला ते पटेना. सॅडल, स्टेम (हँडलबार फ्रेमला जोडणारा तुकडा), हँडलबार नंतर बदलता येतात. फ्रेम चुकली की चुकलीच.

म्हणून आधी पायाची लांबी मोजली. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पावलांमध्ये थोडं अंतर ठेवायचं आणि एक जाडजूड पुस्तक, कणा वर करून, जांघेत घट्ट दाबायचं. सॅडलवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं. खूण दुसऱ्या कुणीतरी करायची, कारण स्वतः वाकलं की पुस्तक तिरकं होतं. दादाला उभं केलं आणि आकडा जुळेपर्यंत पुन्हापुन्हा मोजलं: ८२ सेंटिमीटर.

याला ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा ढोबळ आकडा मिळतो. माझा आला ५५. म्हणजे पुन्हा अधेमधेच! ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या तळाच्या सांध्याच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, ती आली साधारण ७२.४ सेंटिमीटर. पण तेवढी उंची सीटपोस्ट (सॅडलखालचा दांडा) वर-खाली करून दोन्ही फ्रेमवर सहज मिळत होती. म्हणजे पायांवरून निकाल लागणार नव्हता.

मुळात ५४ म्हणजे सीट ट्यूबची (सॅडलखालच्या उभ्या नळीची) सेंटिमीटरमधली लांबी. टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) जमिनीला समांतर असायची तेव्हा त्या आकड्याला अर्थ होता. नव्वदच्या दशकात जायंट कंपनीच्या टीसीआर या रोडबाईकने उतरती टॉप ट्यूब रूढ केली. आता तो आकडा बऱ्याचदा नावापुरता असतो, आणि एका कंपनीचा ५४ दुसरीच्या ५४ शी जुळेलच असं नाही. म्हणून स्टिकर सोडून मी प्रत्येक सायकलच्या भूमिती-तक्त्यातले (फ्रेमच्या मापांच्या तक्त्यातले) दोनच रकाने पाहायला लागले: स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबचं (हँडलखालच्या पुढच्या नळीचं) वरचं टोक सरळ वर किती, तो स्टॅक. आडवं पुढे किती, तो रीच.

माझ्या उंचीच्या मानाने पाय लांब, धड आखूड. म्हणजे मला हँडल जवळ हवं आणि फार खाली नको. समोर तीन फ्रेम होत्या. रेसिंगची ५६: स्टॅक ५६५ मिलिमीटर, रीच ३९१. रेसिंगची ५४: ५४५ आणि ३८४. एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्यासाठी आरामशीर बसता येईल अशी, ५४: ५७० आणि ३७८.

इथे स्पेसरचं, म्हणजे स्टेमखाली घालायच्या कड्यांचं, गणित कळलं आणि सगळं उलगडलं. हेड ट्यूब साधारण ७३ अंशांत मागे कललेली असते, त्यामुळे स्टेमखाली १० मिलिमीटरचा स्पेसर घातला की हँडल वर जाताजाता जवळपास ३ मिलिमीटर मागेही येतं. रेसिंगच्या ५४ वर साधारण २५ मिलिमीटर स्पेसर रचले असते तर ती एन्ड्युरन्सच्या ५४ इतकीच उंच आणि आखूड झाली असती. पण मग पुढे आणखी वर न्यायला जागा उरत नव्हती, कारण कार्बन स्टिअररवर (हेड ट्यूबमधून वर येणाऱ्या, स्टेम बसतो त्या नळीवर) किती स्पेसर चालतात याला कंपनीची मर्यादा असते. ५६ ला आखूड स्टेम लावावा लागला असता. सॅडल पुढे सरकवून लांबी भागवायचा सल्लाही मिळाला. तो मी ठाम नाकारला. सॅडलची जागा गुडघा आणि पेडल बघून ठरवायची, हँडल गाठण्यासाठी नाही.

मग चालवून पाहिलं. दरवेळी आधी टाच पेडलवर ठेवून पाय तळाशी सरळ होईल अशी सॅडल लावून घेतली, नाहीतर तुलनाच होत नाही. ५६ वर हूड्स (ब्रेकच्या दांड्यांवरची रबरी पकड) धरताना कोपरं ताठ व्हायची आणि थोड्याच वेळात मान अवघडायची. एन्ड्युरन्सच्या ५४ वर कोपरं आपोआप वाकलेली राहिली. हात क्षणभर उचलले तरी अंग पुढे कोसळलं नाही. ड्रॉप्समध्ये (हँडलबारच्या खालच्या वाकलेल्या भागावर) गेल्यावरही श्वास मोकळा होता.

तीच घेतली. सोबत आलेला १०० मिलिमीटरचा स्टेम तसाच ठेवला, फक्त हँडलबार खांद्यांच्या मापाने एक साइज अरुंद बसवून घेतला.