आतल्या अंगाचा दात

राजापूर तालुक्यातल्या भातशेतीच्या बांधांवरून गोळा केलेले लांब शिंगांचे नाकतोडे मी गेल्या वर्षी सरसकट एकाच जातीच्या नावाने नोंदवले. अहवालही गेला. आणि परवा त्यातलाच एक नर सूक्ष्मदर्शकाखाली उलटा धरला, तेव्हा पोटात गोळा आला.

खरं तर पेटी उघडली होती बुरशी पुसायला. पावसाळा सरला की कोकणातल्या प्रत्येक कीटकसंग्रहाची ही कामगिरी ठरलेली. डांबरगोळ्या किडे रोखतात, दमट हवा नाही. बारीक कुंचला अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक नमुना पुसत होते.

हे नाकतोडे कोनोसेफॅलस या गटातले, त्यात अनेक जाती. सडपातळ, हिरवे, डोक्यावरून पाठीवर गेलेला तपकिरी पट्टा, शरीराहून कितीतरी लांब दोऱ्यासारख्या मिशा. रातकिड्यात उजवा पंख वर असतो, यांच्यात डावा, आणि त्याच्या खालच्या बाजूला सूर काढणारी कानस. कान पुढच्या पायांच्या नडगीत. लोक मला फोटो पाठवतात ते वरून काढलेले, छान हिरव्या पाठीचे, आणि खाली ‘मॅडम, नाव सांगा’. पाठीवरून नाव सांगता येत नाही हो. अल्कोहोलमध्ये हिरवा रंग जातो, पंखांची लांबी एकाच जातीत कमीजास्त भरते. नराची ओळख त्याच्या शेपटीत असते. तिथे दोन आकडे असतात, आम्ही त्यांना सर्साय म्हणतो. मीलनात नर त्यांनी मादीला धरतो, म्हणून जातीजातीत त्यांची घडण वेगळी. आकड्याला आतल्या अंगाने दात असतो. तो किती पुढे आहे, कोणीकडे वळलाय, टोक चपटं आहे की निमुळतं, सगळा निकाल तिथेच लागतो.

अहवालात मी सगळ्यांना नाव दिलं ते मॅक्युलाटस. ही जात 1841 पासून शास्त्राला माहीत आहे, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. माझे चार नर तिच्याशी जुळतात. पाचव्याचा दात बुंध्याकडे सरकलेला आणि टोक जास्त बारीक. आधी वाटलं, वाळताना आकसला असेल. म्हणून ओल्या वाळूच्या डब्यात रात्रभर ठेवून मऊ केला. सकाळी चिमट्याने उजवा आकडा जरा बाजूला करायला गेले आणि तो तुटला. खोलीत कोणी बोललं नाही. माझ्या विद्यार्थ्याने न सांगता बारीक काचनळी पुढे केली. ग्लिसरिनमध्ये तो आकडा ठेवला, नळी त्याच टाचणीला नमुन्याखाली खोचली. पोरगं कामाचं आहे, त्याला शिकवलेलं फुकट जात नाही.

सुदैवाने डावा आकडा शाबूत होता. तोही तसाच, दात बुंध्याकडे. म्हणजे आकसण्याचा प्रश्न नव्हता. गेल्या वर्षी घाईत मी हे पाहिलंच नव्हतं. चार जुळले म्हणून पाचवा गृहीत धरला. मार्चअखेर ‘जाती किती’ ही संख्या मागणारा तक्ता येतो. ‘अजून नक्की नाही’ लिहायला त्यात रकानाच नसतो, पण लिहायची हिंमत मी करायला हवी होती.

जीव सगळ्यात जास्त अडकलाय तो माद्यांत. त्याच पेटीत अकरा माद्या आहेत. त्यांना आकड्यांचा असा पुरावा नाही. अंडी घालायच्या नळीची लांबी मोजली, पण मापं एकमेकांत मिसळतात. त्यातल्या किती पाचव्याच्या जातीच्या, मला सांगता येत नाही, आणि अहवालात त्या सगळ्या मॅक्युलाटस म्हणून बसल्यात.

काल पुन्हा त्या बांधावर गेले. हळवं भात कापून झालंय, शेतात नुसती खुंटं. गरव्याचा एक तुकडा उभा होता. दोन तास जाळं फिरवलं, तीन माद्या मिळाल्या, नर एकही नाही. घरी येऊन पाचव्या नमुन्याची जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लावली: ‘कोनोसेफॅलस, जात अनिश्चित, उजवा आकडा नळीत.’ अहवालाच्या दुरुस्तीचं पत्र अजून लिहायचं आहे.