पियाजे, व्हायगोट्स्की आणि तो एक रकाना : माझा अनुभव

शिक्षक प्रशिक्षणाच्या कोर्सला ज्यांना "बालकांच्या विचारप्रक्रियेचा विकास : दोन उपपत्तींची तुलना व अध्यापनातील उपयोग" असली असाइनमेंट आली असेल त्यांच्यासाठी लिहितेय. दोन उपपत्ती म्हणजे पियाजे आणि व्हायगोट्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांच्या, मूल विचार करायला कसं शिकतं याबद्दलच्या. आणि थोडं स्वतःसाठीही, कारण सही मिळून बरेच दिवस झाले तरी तो फॉरमॅट आठवला की अजून डोकं फिरतं.

वाचन, मुलांचं निरीक्षण, टाइपिंग हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर काही लिहीत नाही. अडलं ते तक्त्यात. छापील तक्ता मिळतो, डावीकडे मुद्दे, मधे पियाजे, उजवीकडे व्हायगोट्स्की. त्यात वरच मुद्दा असतो "विकासाच्या अवस्था व वयोगट". पियाजेचं काय, झोपेत विचारलं तरी लिहू, जन्म ते 2 संवेदी-कारक (बघून, हाताळून समजून घेणं), 2 ते 7 पूर्वक्रियात्मक (दिसतं त्यावरून ठरवणं), 7 ते 11 मूर्त क्रियात्मक (समोरच्या वस्तूंबाबत तर्क करणं), पुढे औपचारिक क्रियात्मक (अमूर्त विचार). पण शेजारच्या रकान्यात काय लिहायचं? ज्या कल्पनांसाठी व्हायगोट्स्की शिकवला जातो त्यात अशा वयाच्या पायऱ्या नाहीतच. मी सरळ लिहिलं, "वयानुसार ठरलेल्या अवस्थांवर भर नाही". फाईल परत. शेरा : "अपूर्ण".

मग खाली कारण लिहिलं, चांगलं चार ओळींचं. परत आली. शेरा : "वयोगट लिहा". अहो पण नाहीयेत तर कुठून लिहू! तपासणारे सर प्रत्यक्ष भेटायचेच नाहीत, फाईल टेबलावर ठेवायची आणि नंतर जाऊन उचलायची, लाल शाई बघायची आणि घरी यायचं, असा सगळा कारभार. बॅचमधल्या एकीने सांगितलं की जुन्या फायली बघ आणि उतरव. बघितल्या. लोकांनी पियाजेचेच चार टप्पे वयं थोडी मागेपुढे करून व्हायगोट्स्कीच्या नावावर खपवलेले, आणि त्यावर सह्या! मला ते जमेना. हट्टीपणा म्हणा हवं तर, पण उद्या वर्गात हेच वापरायचंय ना आपल्याला?

मुळात गोची अशी आहे की तो मुद्दाच पियाजेचा आहे. पियाजे तरुणपणी पॅरिसला मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता, तिथे त्याला दिसलं की एका वयाची मुलं एकाच प्रकारची चुकीची उत्तरं देतात. म्हणजे चूक ही नुसती चूक नाही, त्यामागे विचार करायची एक पद्धत आहे, आणि ती वयाबरोबर बदलते. त्यामुळे त्याच्याकडे वय येणारच. व्हायगोट्स्कीचा प्रश्न वेगळा, मूल कुणाच्या सोबतीने काय करू शकतं. दोघंही 1896 चे, म्हणून गाइडवाले त्यांना जुळ्या भावांसारखे शेजारी बसवतात. प्रत्यक्षात व्हायगोट्स्की 1934 मधे क्षयाने गेला, वय फक्त 37, आणि पियाजे 1980 पर्यंत होता.

शेवटी तोडगा सापडला तो व्हायगोट्स्कीच्याच एका उदाहरणात. दोन मुलं घ्या, दोघांचं वय 10, आणि चाचणीत दोघंही एकट्याने 8 वर्षांच्या मुलाइतकी गणितं सोडवतात. म्हणजे सारखीच? तर नाही. मोठ्या माणसाने वाट दाखवली, थोडं सुचवलं, की त्यातला एक 12 वर्षांच्या पातळीपर्यंत जातो आणि दुसरा 9 पर्यंतच. हे जे 8 ते 12 आणि 8 ते 9 अंतर, तेच समीपस्थ विकास क्षेत्र, आणि शिकवायचं ते या अंतरात. मी हेच रकान्यात लिहिलं, आकडे ठळक करून. फाईल आली ती सहीसकट, शेरा "छान". माझी खात्री आहे की सरांनी फक्त आकडे पाहिले. असो. रकाना भरला आणि खोटंही लिहावं लागलं नाही, याचा मला आजही जरा गर्वच आहे.

तर पहिली टिप हीच, तुमच्याही तक्त्यात हा मुद्दा असेल तर रिकामा सोडू नका आणि वादही घालू नका, हे उदाहरण टाका.

दुसरं, तक्ता भरायच्या आधी एक प्रसंग पकडा आणि पियाजे-व्हायगोट्स्की दोघांना त्यात उभं करा, नाहीतर तुलना होतच नाही, दोन वेगळी वर्णनं होतात. मी निरीक्षणात एका सहा वर्षांच्या मुलीसमोर बटणांच्या दोन ओळी मांडल्या होत्या, समोरासमोर, सारख्या. "सारखीच आहेत ना?" "हो." मग एक ओळ पसरवली. "आता?" ती म्हणाली, "ही जास्त, ही बघ इथपर्यंत आलीय." अगदी पुस्तकातलं उत्तर, पियाजे म्हणतो तसं, या वयात मूल संख्येपेक्षा ओळीच्या लांबीला भुलतं. पण बटणं सरकवत असताना ती स्वतःशीच पुटपुटत होती, एक, दोन, हे राहिलं, हे इकडे. मला खरा फरक इथे सापडला. असं पुटपुटणं म्हणजे पियाजेच्या मते आत्मकेंद्री बोलणं, समोरच्याला कळतंय का याची फिकीर नसलेलं, आणि मूल मोठं झालं की ते गळून पडतं. व्हायगोट्स्की म्हणतो गळत बिळत नाही, ते आत जातं आणि त्याचाच विचार होतो. आता वर्गात याचा अर्थ काय, तर गणित करताना पुटपुटणाऱ्या मुलाला "तोंड बंद ठेवून कर" म्हणणं म्हणजे त्याची विचार करायची सोयच काढून घेणं. शिक्षकाच्या भूमिकेच्या रकान्यात हे लिहा, "मार्गदर्शक, सुलभक" वगैरे सगळेच लिहितात.

स्कॅफोल्डिंग (शिकताना तात्पुरता आधार द्यायचा आणि जमू लागलं की काढून घ्यायचा) हा शब्द मात्र जपून. सगळ्या नोट्समधे तो व्हायगोट्स्कीच्या नावावर असतो, पण तो 1976 मधे वूड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी आणला. कल्पना जुळते म्हणून चिकटला.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, निरीक्षणाच्या वहीत मुलाचं उत्तर लिहिता तसा तुम्ही विचारलेला प्रश्नही शब्दाला शब्द लिहा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला विचारलं, "मग पियाजे चुकला का?" माझ्याकडे प्रश्न लिहिलेले होते म्हणून बोलता आलं. एकच प्रश्न मोठ्या माणसाने परत विचारला की मुलाला वाटतं आधीचं उत्तर चुकलं असणार. 1974 मधे मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी अशाच प्रयोगात ओळ स्वतः न हलवता एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तर कितीतरी जास्त मुलांनी "सारखीच" असं बरोबर सांगितलं. म्हणजे मुलं पियाजेला वाटलं त्यापेक्षा लवकर समजू शकतात, पण त्यांच्या चुकांमधे पद्धत असते हे त्याचं म्हणणं त्याने खोटं ठरत नाही. बाहेरून आलेल्या मॅडमनी मान डोलावली आणि विचारलं, टेडीऐवजी तुम्ही काय वापराल. मी म्हटलं, वर्गातलंच दुसरं मूल. त्यावर पुढच्या नंबरला बोलावलं.