कार्बोनिलचं पीक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

यंत्रातलं तेल खराब झालंय का हे रंगावरून ठरवणारी माणसं मला अजूनही भेटतात. बाटली उजेडात धरायची, काळं दिसलं की बदलून टाका, सोनेरी दिसलं की चालू द्या. पण डिझेल इंजिनचं तेल काजळीने लगेच काळं पडतं आणि तरी नीट काम करत असतं, उलट टर्बाइनचं तेल दिसायला एकदम स्वच्छ आणि आतली ताकद जवळपास संपलेली असंही होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण या विषयात मी बरीच वर्षं घालवलीत आणि मला तो मनापासून आवडतो.

आमच्या लॅबमध्ये पहिली टेस्ट म्हणजे एफटीआयआर, इन्फ्रारेड प्रकाशाने तेलात काय काय आहे ते ओळखायची पद्धत. तेलाचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर दोन खिडक्यांमध्ये धरायचा, त्यातून इन्फ्रारेड सोडायचा आणि कुठला बाँड किती शोषतोय ते बघायचं. (खिडक्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या असतील तर तेलातल्या पाण्याने त्या विरघळतात, वापरलेल्या तेलाला झिंक सेलेनाइडच बरं.) मूळ हायड्रोकार्बनची पीकं, म्हणजे ग्राफवरचे उंचवटे, २८५० ते २९६० च्या पट्ट्यात आणि १४६० ला (हे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटीमीटर), ती कायम असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. बघायचं ते १७१० च्या आसपास, तिथे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बाँड) वर येतो, म्हणजे कीटोन आणि अ‍ॅसिड तयार झालेत, म्हणजे ऑक्सिडेशन झालंय. १६३० ला नायट्रेशन, ११५० ला सल्फेशन (तेलाची नायट्रोजन आणि सल्फरच्या ऑक्साइडशी झालेली प्रक्रिया), ३४०० कडे पाणी, आणि काजळीला स्वतःचं पीक नसतं, ती अख्खी बेसलाइनच उचलते म्हणून २००० ला मोजतात. दोन मिनिटांत एवढी माहिती देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

पण एफटीआयआर ही झालेली गोष्ट सांगतं, होऊ घातलेली नाही.

कारण असं की तेलात अँटिऑक्सिडंट घातलेले असतात, बहुतेक वेळा फिनॉल आणि अरोमॅटिक अमाइन दोन्ही. गरम तेलात ऑक्सिजन शिरला की फ्री रॅडिकल तयार होतात, त्यातून हायड्रोपेरॉक्साइड, ते फुटून आणखी रॅडिकल, अशी साखळी चालते, आणि हे अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन देऊन ती साखळी तोडत राहतात. म्हणजे ते स्वतः संपत जातात आणि तेल वाचवतात. ते आहेत तोवर कार्बोनिल जवळजवळ सपाट. फिनॉलचं एक बारीक पीक ३६५० ला दिसतं खरं, पण ते इतकं छोटं की वापरलेल्या तेलात त्यावर भरवसा ठेवणं कठीण.

इथे इलेक्ट्रोकेमिस्ट्री कामाला येते. अँटिऑक्सिडंट म्हणजे सहज इलेक्ट्रॉन देणारा रेणू, मग त्याच्याकडून आपणच इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि किती करंट येतो ते मोजायचं. तेलातून वीज जात नाही, त्यामुळे थोडं तेल अल्कोहोलमधल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये मिसळून हलवतात, अँटिऑक्सिडंट द्रावणात उतरतात, आणि कुपीत घातलेल्या वाळूला तेल चिकटून ते खाली बसतं. मग ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड बुडवून व्होल्टेज एकसारखं वाढवत न्यायचं, हीच व्होल्टॅमेट्री. आधी अमाइनची लाट (करंटचा उंचवटा), थोड्या जास्त व्होल्टेजला फिनॉलची. ताज्या तेलाशी तुलना केली की किती टक्के उरलंय ते कळतं. टर्बाइन तेलांसाठी याची स्टँडर्ड पद्धत एएसटीएम डी ६९७१, ती झिंक नसलेल्या तेलांसाठीच आहे हे मात्र लक्षात ठेवा. इंजिन तेलातलं झेडडीडीपी, म्हणजे झीज कमी करणारं झिंकचं संयुग, स्वतःच लाट देतं आणि मग वाचताना घोळ होतो.

मी एकदा तेल ओव्हनमध्ये तांब्याची तार घालून ठेवलं आणि ठराविक दिवसांनी दोन्ही टेस्ट करत गेले. सुरुवातीला एफटीआयआरचे स्पेक्ट्रम एकावर एक टाकले तर फरक शोधावा लागत होता, आणि त्याच सॅम्पलमध्ये फिनॉलची लाट दर वेळी खाली बसत चालली होती. अमाइन मात्र टिकून, कारण फिनॉल स्वतःचा हायड्रोजन देऊन वापरलेल्या अमाइनला पुन्हा उभं करतो, म्हणून आधी तो संपतो. मग अमाइनही घसरलं आणि त्यानंतर कार्बोनिल जो चढला तो थांबलाच नाही. तांब्याची तार न घातलेल्या बीकरमध्ये हेच सगळं झालं, फक्त उशिरा. तांबं आणि लोखंड हायड्रोपेरॉक्साइड फोडायला मदत करतात, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण ग्राफवर बघितलं की पक्कं बसतं.

आणि उलट प्रसंगही आलाय. एका मशीनच्या सॅम्पलमध्ये कार्बोनिल अचानक उडी मारून वर, रिपोर्टमध्ये तेल बदला असं लिहायच्या बेतात होतो. सवयीने व्होल्टॅमेट्री केली तर अँटिऑक्सिडंट भरपूर. अ‍ॅसिड नंबरही (तेलात अ‍ॅसिड किती याचा आकडा) हललेला नव्हता. मग पीक नीट पाहिलं, ऑक्सिडेशनचं १७१० भोवती पसरट टेकाड असतं तसं ते नव्हतं, १७४० ला टोकदार होतं आणि सोबत ११७० कडे दुसरं. एस्टर! त्याच्या रेणूत मुळातच कार्बोनिल असतो. कोणीतरी टॉप-अप करताना एस्टर असलेलं वेगळंच तेल ओतलेलं. एकट्या एफटीआयआरवर गेलो असतो तर चांगलं तेल फेकलं असतं आणि खरी चूक, म्हणजे दोन तेलांची मिसळ, तशीच राहिली असती.

इम्पिडन्सबद्दल, म्हणजे तेल विजेला किती अडवतं ते मोजण्याबद्दल, बरेच जण विचारतात, की थेट तेलात दोन प्लेट बुडवून सेन्सर करता येईल का. येतो. तेलाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विजेचा चार्ज साठवायच्या क्षमतेचा आकडा) साधारण २.२, पाण्याचा ८० च्या घरात, त्यामुळे पाणी शिरलं की लगेच कळतं. पण पाणी, काजळी, अ‍ॅसिड, तापमान सगळेच तो आकडा हलवतात, कोणी हलवला ते तो सांगत नाही. सेन्सरने घंटा वाजवली की मी सॅम्पल मागवते, निदान मात्र लॅबमध्येच.

आता मी प्रत्येक मशीनचा कार्बोनिल आणि उरलेलं फिनॉल-अमाइन एकाच ग्राफवर काढते. फिनॉल संपून अमाइन उतरायला लागलं की मी फोन करते, कार्बोनिल अजून सपाट असला तरी.